गर्भपाताचा दोष बाईच्या माथी नको

मा. संपादक,

‘पहिल्या तिमाहीतले गर्भपात बायकांच्या धावपळीमुळे होतात’ हे आपल्या लेखातले विधान साफ चूक आहे. त्यांतले निम्मे किंवा अधिक गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषाने होतात. धुणीभांडी किंवा एसटीच्या प्रवासाने नव्हे. आमच्या कन्हानकडे आधीच गर्भ पडलेल्या सुनेला बोल लावतात, त्यात ही भर!

पाळी चुकल्यावर चाचणीसाठी दोन महिने थांबावे, हा त्याच लेखातला सल्ला तर घातक. गर्भ रुजला की एचसीजी संप्रेरक लघवीत उतरते; आशाताईंच्या ‘निश्चय’ किटवर काही थेंबांत दोन रेषा उमटतात. बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून २८ दिवसांत बंद होते. म्हणून फॉलिक ॲसिड गर्भधारणेच्या आधीपासूनच हवे. दुरुस्ती त्याच पानावर छापावी.

— एक निवृत्त परिचारिका, कन्हान (जि. नागपूर)