ब्लू-रे ड्राइव्ह घ्यायचा का?

तापकीर गल्लीत चक्कर मारण्याआधी जरा थांबा. ड्राइव्ह हवाय कशासाठी? फक्त बॅकअपला असेल, तर पैसे सरळ हार्ड डिस्कमध्ये घाला. साध्या ब्लू-रे डिस्कवर २५ जीबीच मावतात, त्यात सोनीने रेकॉर्डेबल डिस्क २०२५ मध्ये बंदच केल्या. पण आवडता सिनेमा ओटीटीवरून अचानक गायब झाला, तर? सिनेमे जपायला १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं; तुमच्या कपाटातल्या डिस्क म्हणजे त्याचंच छोटं भावंड. त्या जमवणार असाल, तर ड्राइव्ह जरूर घ्या. फक्त विंडोज स्वतःहून ब्लू-रे चालवत नाही, तेव्हा प्लेअर सॉफ्टवेअरचा खर्चही धरा. आणि हो, इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरवर फोर-के डिस्क अधिकृतपणे चालत नाहीत. दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही!