एक शतांश सेकंद आणि आपली अक्कल

परवा ॲथलेटिक्सवाल्यांच्या एका ग्रुपवर वाद रंगला होता. मुद्दा असा, की जुन्या खेळाडूंना कोच करावं का? एका विद्वानाने निकाल देऊन टाकला, "फ्रान्सचं बघा. चॅम्पियनला कोच केलं आणि घरच्या ऑलिंपिकमध्ये काय दिवे लावले? अख्ख्या ॲथलेटिक्समध्ये एक पदक!" उदाहरण म्हणून नाव कुणाचं, तर लाजी दुकुरेचं. त्यावर सत्तावीस लाइक.

मी तिथे उत्तर दिलं नाही. दोन ओळींत मावणारं नव्हतं. म्हणून इथे लिहितोय.

दुकुरे कोण, हे आधी सांगतो, कारण लाइक देणाऱ्यांपैकी निम्म्यांना ठाऊक नसणार. जन्म १९८३ चा. आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबातला, पॅरिसच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत वाढलेला मुलगा. ११० मीटर हर्डल्स पळायचा. २००४ साली अथेन्सला उपांत्य फेरीत १३.०६ सेकंदांचा फ्रेंच विक्रम केला. अंतिम फेरीतही पदकाच्या जागेवर होता, आणि शेवटी शेवटी अडथळ्याला पाय लागला. तोल गेला, आठवा आला. म्हणजे शेवटचा. त्याच शर्यतीत चीनच्या लिऊ शियांगने १२.९१ सेकंदांत विश्वविक्रमाची बरोबरी करून सुवर्ण नेलं.

पुढच्या वर्षी, २००५ मध्ये, हाच पोरगा आँजे इथे १२.९७ पळाला. मग हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत १३.०७. दुसरा आला लिऊ शियांग, १३.०८. तिसरा ॲलन जॉन्सन, १३.१०. एका शतांश सेकंदाने दुकुरे जगज्जेता झाला! दुसऱ्याच दिवशी ४ बाय १०० रिलेचंही सुवर्ण, पहिला टप्पा त्याचाच.

त्यानंतर दुखापती. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये चौथा, १३.२४. कांस्यपदक १३.१८ ला गेलं. २००९ मध्ये युरोपियन इनडोअर सुवर्ण. पण लोकांच्या तोंडी काय राहिलं? "एका वर्षाचा तारा."

आता जरा थांबा आणि हिशेब करा. अथेन्समध्ये एका अडथळ्याने आठवा, हेलसिंकीत एका शतांशाने पहिला, बीजिंगमध्ये सहा शतांशांनी चौथा. माणूस तोच, मेहनत तीच. आपण मात्र निकालपत्रक बघून एकदा त्याला डोक्यावर घेतलं, दोनदा विसरलो. मांजर आडवं गेलं म्हणून माघारी फिरणारा आणि निकालपत्रकावरून माणसाची लायकी ठरवणारा, यांच्यात मला तरी फारसा फरक दिसत नाही.

आणि कोच म्हणून त्याचं मोल नेमकं इथेच आहे.

ही शर्यत कशी असते ते पाहा. दहा अडथळे, प्रत्येकाची उंची १०६.७ सेंटीमीटर, म्हणजे साधारण माणसाच्या कमरेच्याही वर. पहिल्या अडथळ्यापर्यंत १३.७२ मीटर, मग दर दोन अडथळ्यांत ९.१४ मीटर. तेवढ्यात तीनच पावलं. चौथं टाकलंत तर लय गेली, आणि लय गेली की शर्यत गेली. आता ज्युनिअर गटातला अडथळा असतो ९९ सेंटीमीटरचा. अंतर तेच, उंची कमी. पोरगा वीस वर्षांचा झाला की अडथळा साडेसात सेंटीमीटरने वर येतो आणि जागा मात्र इंचभरही वाढत नाही. सगळी पावलं, सगळा तोल पुन्हा शिकायचा. म्हणून या शर्यतीत ज्युनिअर विश्वविक्रमवीर मोठ्या गटात लगेच चमकेलच असं नसतं. त्याला वर्षं लागतात.

साशा झोया हे याचंच उदाहरण. ऑस्ट्रेलियात पर्थला वाढलेला, तिथल्या प्रशिक्षकांनी पाया घातलेला मुलगा. फ्रान्सकडून खेळायचं ठरवलं आणि पॅरिसच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत, म्हणजे इन्सेपमध्ये, दुकुरेच्या हाताखाली आला. २०२१ मध्ये नैरोबीला त्याने ९९ सेंटीमीटरच्या अडथळ्यांवर १२.७२ चा २० वर्षांखालील विश्वविक्रम केला. तीन वर्षांनी पॅरिस ऑलिंपिक, घरचं मैदान, पूर्ण उंचीचे अडथळे, आणि अंतिम फेरी हुकली. झालं! लगेच आपले विद्वान म्हणणार, कोच नापास.

अहो, अशा वेळी त्या पोराच्या शेजारी कोण बसलेलं हवं? कधीच न पडलेला माणूस? की ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत साऱ्या जगासमोर तोल जाऊन आठवा आलेला, आणि एका वर्षाने उठून जगज्जेता झालेला? "हे संपलेलं नाही" हे वाक्य कुणीही म्हणू शकतो. दुकुरेने ते जगून दाखवलंय.

मोठा खेळाडू आपोआप मोठा कोच होतो, असं माझं म्हणणं नाही. कित्येकांना स्वतःला काय जमत होतं तेच सांगता येत नाही. पण कोच मोजायचा तर शिष्य दर वर्षी किती सुधारला, दुखापतींतून वाचला का, पंचविशीत अजून ट्रॅकवर आहे का, यावर मोजा. एका संध्याकाळच्या तेरा सेकंदांवर नको.

राहिलं ते "एक पदक". तेही हर्डल्सचंच होतं, बरं का! सिरेना साम्बा-मायेला, १०० मीटर हर्डल्स, १२.३४ सेकंद. सुवर्ण अमेरिकेच्या मसाई रसेलला, १२.३३. पुन्हा एक शतांश! तो शतांश इकडचा तिकडे झाला असता तर हेच लोक फ्रेंच पद्धतीचे गोडवे गात बसले असते.

पण फ्रान्सच्या राज्यकर्त्यांचीही आरती ओवाळायची गरज नाही. तिथे सुमारे १६०० तांत्रिक मार्गदर्शक आणि प्रशिक्षक सरकारी पगारावर असतात आणि वेगवेगळ्या खेळांच्या संघटनांसाठी काम करतात. फ्रेंच खेळाचा कणा म्हणजे ही माणसं. २०१८ मध्ये सरकारने ठरवलं, की यांना हळूहळू संघटनांच्या गळ्यात बांधायचं. सहा वर्षांवर घरचं ऑलिंपिक आलेलं असताना! मैदानावरचे लोक खवळले, आणि ती योजना रेटता आली नाही. मग २०२४ मध्ये ६४ पदकं आली, नेत्यांनी फोटो काढून घेतले, आणि लगेच पुढच्या अर्थसंकल्पात खेळाच्या पैशाला कात्री. जानेवारी २०२५ मध्ये चारशेहून अधिक खेळाडूंना जाहीर पत्र लिहून निषेध करावा लागला. फोटोला सगळे पुढे, पगाराला सगळे मागे. हे तिकडेही आहे.

आता आपल्याकडे या. ही शर्यत आपल्याला परकी नाही. ११० मीटर हर्डल्सचा राष्ट्रीय विक्रम मुंबईच्या सिद्धांत थिंगलायाच्या नावावर होता, १३.४८. तो २०२४ मध्ये फिनलंडमध्ये कुणी मोडला? मराठवाड्याच्या तेजस शिरसेने, १३.४१. दोघेही महाराष्ट्राचे. मग या दोघांकडे जे ज्ञान आहे, ते उद्या कुणाला मिळणार, याची सोय काय?

आपलं सरकार मोठ्या खेळाडूला थेट अधिकारी करतं. रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणाऱ्या ललिता बाबर महसूल खात्यात आहेत. त्यांचा हक्कच आहे तो, ज्याने घाम गाळला त्याचं घर चाललंच पाहिजे. माझा राग त्यांच्यावर नाही. राग याचा आहे, की तेवढाच पगार, तेवढाच मान आणि तेवढीच शाश्वती देणारी खुर्ची ट्रॅकच्या कडेला ठेवावी असं कुणालाच वाटत नाही. तालुक्याच्या मैदानावर पोरांना पळवणाऱ्या सरांना एकदा विचारा, मानधन किती आणि शेवटचं कधी मिळालं. उत्तर ऐकून मग कोच नापास की पास ते ठरवा.

दुकुरेने आणखी एक केलंय. 'गोल्डन ब्लॉक्स' नावाच्या उपक्रमातून तो आणि त्याचे सहकारी वस्त्यांमधल्या पोरांसाठी रस्त्यावरच धावण्याच्या शर्यती भरवतात, फुकट. पोरं स्टेडियमपर्यंत येत नाहीत ना, मग ट्रॅकच वस्तीत न्यायचा. याला पदक नाही मिळत. ग्रुपवर सत्तावीस लाइकही नाही मिळत.

असो. पुढच्या वेळी कुणी "एकच पदक" म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा, एक शतांश सेकंद म्हणजे किती? टाळी वाजवायला हात उचलता, तेवढ्यात तो कधीच निघून गेलेला असतो. कोच घडायला मात्र वीस वर्षं जातात.