चैत्यभूमीला निघताना इन्सुलिन घरी का राहते?

नोव्हेंबर सरत आला की विदर्भ-मराठवाड्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये मुंबईला जाण्याची तयारी सुरू होते. भाकरी-चटणी, अंथरूण-पांघरूण, मेणबत्त्या, सगळे आठवणीने बांधले जाते. अनेक घरांत मागे राहते ते इन्सुलिन. "दोन दिवसांनी काय होतंय?" असे म्हणून माणूस गाडीत बसतो.

आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या काहींना रोज इन्सुलिन घ्यावे लागते. स्वतः बाबासाहेबांनाही या आजाराने ग्रासले होते. त्यामुळे त्यांना अभिवादन करायला जाताना हा विषय टाळून चालणार नाही.

इन्सुलिन घरी राहते ते केवळ निष्काळजीपणामुळे, असे आम्हाला वाटत नाही. वस्तीत काम करताना तीन कारणे दिसतात. पहिले, इन्सुलिन फ्रिजबाहेर लगेच खराब होते हा समज. दुसरे, सरकारी दवाखान्यातून मोजून मिळालेली एकच बाटली. ती गर्दीत फुटली किंवा चोरीला गेली तर पुढचा महिना कसा काढायचा? तिसरे, सुई टोचायला आडोसा नाही. जनरलच्या डब्यात चौदा-पंधरा तास उभ्याने प्रवास, तिथे बाईने पोटावर सुई कुठे घ्यायची? चारचौघांत सिरिंज काढली की लोक संशयाने बघतात, म्हणून पुरुषही टाळतात.

पहिल्या कारणाचे उत्तर सोपे आहे. न उघडलेली बाटली फ्रिजमध्येच ठेवावी, पण वापरात असलेली बाटली 25 ते 30 अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकते. मुदत कंपनीनुसार थोडी बदलते, ती वेष्टनावर पाहावी. ऊन टाळावे. बर्फाला थेट चिकटवून ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते. कोरड्या डबीत बाटली ठेवून डबीभोवती ओले सुती फडके गुंडाळले तरी प्रवासात पुष्कळ काम भागते.

डोस चुकवण्याचा धोका मात्र मोठा आहे. टाइप 1 मधुमेहाच्या रुग्णाचे इन्सुलिन बंद झाले, तर एक-दोन दिवसांतही रक्तात आम्ल वाढून उलट्या, धाप आणि बेशुद्धीपर्यंत वेळ येते. ते जिवावर बेतू शकते. उलटा धोकाही तितकाच खरा. सकाळी सुई घेतली आणि उपाशीपोटी तासन्‌तास रांगेत उभे राहिले, तर साखर 70 च्या खाली जाते. घाम सुटतो, हात थरथरतात, जीभ अडखळते. बघणाऱ्याला वाटते, हा पिऊन आला आहे. आपल्याच माणसाला मदतीऐवजी हिणवणे मिळावे, यासारखी दुसरी शोकांतिका नाही. अशा वेळी शुद्धीवर असलेल्याला तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे, मग खायला द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता 108 ला फोन करावा.

म्हणून सोबत गरजेपेक्षा दुप्पट साहित्य हवे. परतीची गाडी चुकणे आपल्याला नवीन नाही. अर्धे साहित्य अंगावरच्या पिशवीत, अर्धे सोबत्याकडे. त्यात सिरिंज, साखर तपासायचे यंत्र, पट्ट्या, ग्लुकोज, बिस्किटे आणि चिठ्ठीचा मोबाइलमधला फोटो असावा. मुंबईत नवे इन्सुलिन घ्यावे लागले, तर बाटलीवरचा आकडा वाचा. आपल्याकडे 40 युनिटच्या बाटल्या सर्रास मिळतात, तशी 100 युनिटचीही मिळतात. 100 चे औषध 40 च्या लाल टोपणाच्या सिरिंजने घेतले, तर अडीचपट डोस शरीरात जातो.

पण सगळा भार रुग्णावर टाकून व्यवस्थेला मोकळे सोडता येणार नाही. इन्सुलिन हे देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतले औषध आहे. मुंबई महापालिका दरवर्षी शिवाजी पार्कवर आरोग्यसेवा पुरवते. तिथे इन्सुलिन, योग्य सिरिंज, साखर तपासणी आणि सुई घ्यायला पडदा लावलेला कोपरा मिळेल, असे फलक रांगेच्या वाटेवर दिसले पाहिजेत. ध्वनिक्षेपकावरून सूचना झाल्या पाहिजेत. प्रवासाला निघणाऱ्यांना गावच्या सरकारी दवाखान्याने जादा बाटली द्यायला हवी. दीक्षाभूमी आणि भीमा कोरेगावलाही हीच मागणी लागू आहे. भोजनदान करणाऱ्या मंडळांनी रांगेतल्या मधुमेहींना आधी खायला दिले, तर तेवढ्यानेही अनेक प्रसंग टळतील.

सुरुवात विहारातून करता येईल. 6 डिसेंबरच्या दोन आठवडे आधीच्या रविवारी वंदनेनंतर विचारा : जाणाऱ्यांपैकी इन्सुलिन कोण घेते? यादी करा, प्रत्येकासोबत एक जोडीदार नेमा आणि दवाखान्याकडे लेखी मागणी करा. दोन आठवडे हाताशी असतील तर बाटली मिळवायला वेळ मिळतो. चैत्यभूमीला गेलेला प्रत्येक माणूस धडधाकट घरी परतला पाहिजे.

जय भीम.