चौथा दिवस

सोवळ्या-ओवळ्याची थट्टा करून वर्गात हशा पिकवणे, हा माझा जुना उद्योग. गेल्या वर्षी तो माझ्याच अंगाशी आला.

आमच्या अक्काच्या थायरॉइडच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली होती. पुढे किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ द्यायचे ठरले. दसरा नुकताच झाला होता. हे औषध पोटात गेले की काही दिवस रोग्याच्या अंगातूनच किरणे बाहेर पडतात. घाम, लाळ आणि लघवीवाटे आयोडीनही बाहेर येते. म्हणून खोली निराळी, संडास-न्हाणीघर निराळे. दाराच्या मुठीला आणि टेलिफोनला प्लास्टिकचे वेष्टन. जेवणाचे ताट दाराशी. नर्स आत जायची ती हातमोजे चढवून, छातीवर किरणे मोजणारा बिल्ला लावून. आणि काम आटोपताच बाहेर.

दार लागण्यापूर्वी अक्का हसून म्हणाली, "काय रे, पुन्हा बाजूला बसवलंस मला?"

मी चरकलो. कावळा शिवला की अक्का चार दिवस पडवीत कांबळ्यावर बसे. "आजी, अक्का माठाला शिवली!" म्हणून चहाडी करणारा मीच!

तिथल्या सुरक्षा-अधिकारी मुलीला मी सोवळ्याची उपमा ऐकवली. ती हसली नाही. म्हणाली, "सर, इथं काही सांडलं तर कडेकडून मध्याकडे टिपून घ्यायचं, म्हणजे पसरत नाही. हाताला लागलं तर कोमट पाणी नि साबण. खसाखसा घासायचं नाही. कातडी सोलवटली तर ते आत शिरतं. या खोलीचं सांडपाणीसुद्धा आम्ही टाकीत कोंडून ठेवतो. दर ८ दिवसांनी आयोडीनचा जोर निम्मा होतो. ८० दिवसांत हजारावा हिस्सा उरतो. आणि हे सगळं यंत्रावर मोजून बघायचं."

रोज ती ठरलेल्या अंतरावर यंत्र धरी आणि आकडा टिपून घेई. आकडा उतरत गेला. योगायोग असा, की अक्काला चौथ्याच दिवशी घरी सोडले. हातात एक कागद दिला : अमुक तारखेपर्यंत लहान मुले आणि गरोदर बायका यांच्यापासून दूर राहावे.

ती तारीख भाऊबिजेच्या आधीच उलटली. नातीला कडेवर घेऊनच अक्का ओवाळायला आली. ओवाळून झाल्यावर सहज म्हणाली, "त्या पोरीनं मोजून तारीख दिली, मी पाळली. पडवीतले माझे चार दिवस कुणी मोजले होते रे?"

मराठीच्या प्राध्यापकाला शब्द सापडला नाही. मी तबकात ओवाळणी घातली आणि वाकून तिच्या पाया पडलो.