दोर दिसतो, आधार दिसत नाही

गेल्या डिसेंबरात माझ्या वर्गातील एक विद्यार्थी हात झोळीत अडकवून आला. सांदण दरीत दोरावरून उतरून तो खाली उभा असता वरून सुटलेला दगड त्याच्या खांद्यावर आदळला होता. "दोर कशाला बांधला होता? तू खाली असताना वर कड्यावर कोण होते?" असे विचारता तो म्हणाला, "सर, आम्ही फक्त फी किती एवढेच विचारले होते." या प्रांजळ उत्तरात साऱ्या प्रश्नाचे मूळ आहे.

सह्याद्रीचा कडा दुरून अभंग भासतो; जवळून तो तसा नाही. लाव्हाचे थर एकावर एक साचून हा बेसॉल्ट बनला. दोन थरांच्या मध्ये कोठे तांबड्या मातीचा पट्टा, तर कोठे सच्छिद्र, ठिसूळ खडक आढळतो. खडकाच्या भेगांत दर पावसाळ्यात पाणी शिरते, झाडांची मुळे शिरतात आणि दगड सुटे होतात. ते पडण्यास भूकंप लागत नाही. घासणारा दोर किंवा कड्यावर ताटकळणाऱ्याचा बूट पुरतो. तीस मीटरांवरून सुटलेला दगड सुमारे अडीच सेकंदांत, ताशी ८५ किलोमीटरांहून अधिक वेगाने खाली येतो. सांदणसारख्या अरुंद घळीत बाजूला सरण्यासही जागा नसते. म्हणून उतरणीची वाट आधी साफ करणे आणि वर कोणी उतरत असता खाली कोणी न थांबणे, हे नियम गिर्यारोहक काटेकोरपणे पाळतात.

तीच गोष्ट अँकरची, म्हणजे दोर ज्यात गुंतवितात त्या आधाराची. एकमेकांवर अवलंबून नसलेले किमान दोन आधार असावेत, भार दोहोंवर वाटला जावा आणि एक निखळला तरी दुसऱ्याने तो झटका न बसता पेलावा, हे त्याचे मूळ सूत्र होय. दोन आधारांकडे जाणाऱ्या पट्ट्यांमधील कोन १२० अंशांचा झाला, तर प्रत्येक आधारावर निम्मा नव्हे, पुरता भार येतो. हातोडीने ठोकता खडक खणखणीत वाजला पाहिजे. बद्द आवाज देणाऱ्या खडकातील उत्तम बोल्टही चिखलातील खुंटाएवढाच भरवशाचा.

ही सारी काळजी वेळ खाते, आणि वेळ म्हणजे खर्च. चाळीस जणांच्या तुकडीस एकाच दोरावरून प्रत्येकी पंधरा मिनिटे दिली, तरी दहा तास लागतात. मग आयोजक घाई करतो: एक उतरतो न उतरतो तोच दुसरा कड्यावर येतो. ग्राहकास मात्र दिसतात रंगीत हेल्मेटे, जेवणाची सोय आणि छायाचित्रे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचा दाखला देऊन दाखविले की, मालाचा दर्जा केवळ विक्रेत्यासच ठाऊक असेल तेथे निकृष्ट माल चांगल्यास हुसकावून लावतो. आपल्या कड्यांवर नेमके हेच घडते. दोन आधार बांधणारा महाग ठरतो, एकावर भागविणारा स्वस्त.

त्यात आणखी एक गुंता आहे. कड्यातील बोल्ट ठोकतो एक, वापरतात सगळे, आणि देखभाल कोणाचीच नसते. सार्वजनिक पाणवठ्याची जी गत, तीच या बोल्टांची. खडकात रुतलेल्या भागाला किती गंज चढला आहे, हे वरून पाहून कळत नाही.

साहस म्हटले की धोका आलाच, असे यावर सांगितले जाईल. ते मान्य. परंतु जाणून पत्करलेला धोका आणि न सांगता माथी मारलेला धोका यांत महदंतर आहे. पहिल्यास साहस म्हणावे. दुसरा निव्वळ व्यवहारातील लबाडी होय.

राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणून आयोजकांच्या नोंदणीची तरतूद केली, हे योग्यच झाले. पण नोंदणी आयोजकाची होते, कड्याची नव्हे. नेहमीच्या प्रत्येक उतरणीवरील बोल्ट कोणत्या वर्षी बसविला आणि शेवटी केव्हा तपासला, याची वही गिर्यारोहण संस्थांनी वनखाते व गावकरी यांच्या साह्याने ठेवावी. प्रत्येक तुकडीकडून माणशी थोडी रक्कम घेऊन तीतून जुने बोल्ट बदलावेत. जो वापरतो त्याने देखभालीचा भार उचलावा, यात अन्याय नाही.

तोवर विद्यार्थ्यांनी, आणि सहलीच्या परवानगीपत्रावर सही करणाऱ्या आम्हा शिक्षकांनी, फीच्या आधी तीन प्रश्न विचारावेत. आधार किती? ते कोणी, केव्हा तपासले? एक जण उतरत असता बाकीचे कोठे उभे राहणार? ज्या आयोजकास या प्रश्नांचा राग येईल, त्याच्याकडे पैसे भरू नयेत. ग्राहक न दिसणाऱ्या गोष्टीची चौकशी करू लागले, तरच ती नीट करणाऱ्यांचा बाजारात टिकाव लागेल.