आधी पडायला शिकवा

शाळेत आयकिडोचा वर्ग असावा काय, असा विषय निघाला की पालकांची पहिली विचारणा पदकांची असते. कराटे-ज्युदोच्या स्पर्धा भरतात, प्रमाणपत्रे मिळतात, दहावीला क्रीडागुणांची आशा असते. मग हे कशाला? प्रश्न रास्त आहे. आयकिडोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांनी आपल्या विद्येत स्पर्धेला थारा दिला नाही. त्यांचे शिष्य केंजी तोमिकी यांनी पुढे स्पर्धात्मक पद्धत आणली खरी, परंतु मुख्य प्रवाह आजही तिच्यापासून दूर आहे. माझ्या मते निवासी शाळेला या विद्येचा उपयोग आहे तो नेमका याच कारणाने.

गेली काही वर्षे मी गावातील एका लहानशा क्लबात हा सराव करतो आहे. तेथे बँकेतील कारकून आहेत, महाविद्यालयीन मुली आहेत, एक सेवानिवृत्त शिक्षकही आहेत. नवागताला पहिले काही आठवडे कोणाला पाडायला शिकवत नाहीत, पडायला शिकवतात. याला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीशी, पाठ गोल, खांद्यावरून तिरके लोळण घेऊन पुन्हा उभे राहायचे. मग जोडीचा सराव येतो. एकाने मनगट धरायचे. दुसऱ्याने त्या जोराशी झोंबाझोंबी न करता आत शिरायचे किंवा वळून बाजूला व्हायचे. ढकलले तर वळणे, ओढले तर शिरणे, असा साधा हिशोब आहे. तो अंगात मुरायला मात्र वर्षे लागतात. सामान्यतः चार वेळा एकाने पाडायचे, मग चार वेळा दुसऱ्याने. काळ्या पट्ट्याचा मनुष्यही कालच आलेल्या मुलीसाठी निमूटपणे पडतो.

वसतिगृहात राहिलेल्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. धिप्पाड मुलाने किरकोळ मुलाला बादलीच्या रांगेतून ढकलून द्यावे, आणि त्याने कोणाकडे तक्रारही करू नये, हे आपल्यातील अनेकांनी पाहिले आहे. त्या धिप्पाड मुलाला रोज संध्याकाळी त्याच किरकोळ मुलासाठी पडावे लागले, आणि त्याचे मनगट मोडणार नाही एवढी काळजीही घ्यावी लागली, तर मला वाटते, शिस्तीच्या दहा व्याख्यानांहून त्याचा परिणाम अधिक होईल. किरकोळ मुलालाही आपल्या देहाची भीती वाटेनाशी होते, हे मी क्लबात पाहिले आहे.

डोजो हा शब्दही आपल्याला परका नाही. ज्या चिनी अक्षरांनी तो लिहितात, त्यांनी बौद्ध ग्रंथांच्या अनुवादात ‘बोधिमंड’ हा शब्द उतरविला गेला. बोधिमंड म्हणजे ज्ञानप्राप्तीचे स्थान. यावरून उएशिबांना बौद्ध ठरविण्याचा मोह मात्र टाळावा. ते लष्करात राहिलेले, ताकेदा सोकाकु यांच्याकडे दाइतो-र्‍यू जुजुत्सु शिकलेले आणि शिंतो परंपरेतून निघालेल्या ओमोतो पंथाचे अनुयायी होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : रस्त्यावर कोणी अंगावर आले तर हे कामी येईल काय? सहा महिन्यांत नक्कीच नाही. आयकिडोत जोडीदार बहुधा सहकार्य करतो. शिक्षक दक्ष नसेल तर सरावाचे नृत्य होऊन बसते. प्रतिकार करणाऱ्या माणसाशी झुंजायला शिकायचे असेल तर ज्युदो किंवा बॉक्सिंग बरे. मुलींच्या पालकांना ‘आत्मसंरक्षणाची हमी’ म्हणून हा वर्ग विकला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

धोकेही आहेत. शिहोनागेमध्ये पडणारा मागच्या बाजूला कोसळतो. उकेमी कच्ची असेल तर डोके आपटते. वाढत्या वयाच्या मुलांच्या मनगटांना आणि कोपरांना जोराने पीळ देऊ नये. म्हणून क्लबाशी बोलताना शिक्षकाच्या दानापेक्षा तो नवशिक्यांना किती दिवस केवळ पडायला शिकवतो हे आधी विचारावे, आणि एक वर्ग स्वतः बसून पाहावा. फरशीवर सतरंजी अंथरून हे भागणार नाही. जाड मॅट हवेत. त्यांचा खर्च माजी विद्यार्थ्यांनी उचलावा, अशी माझी सूचना आहे. प्रवेशद्वाराच्या नव्या कमानीपेक्षा तो कमीच येईल.