संदिग्धता: दोष की आशय?

'संगणकासाठी संस्कृत हीच सर्वांत योग्य भाषा' हे विधान ठाणे, कल्याण-डोंबिवली परिसरातील सांस्कृतिक व्यासपीठांवरून सिद्ध प्रमेयाच्या थाटात मांडले जाते. त्यासाठी पुढे केला जाणारा रिक ब्रिग्ज यांचा १९८५चा लेख वस्तुतः शास्त्रीय संस्कृतातील वाक्यार्थविश्लेषणाची तुलना संगणकातील ज्ञाननिरूपणाशी करतो; संस्कृतात आज्ञावली लिहाव्यात, असे त्याचे प्रतिपादन नाही. पीटर इंगरमन यांनी १९६७ मध्ये बॅकस यांच्या नियमलेखनपद्धतीला पाणिनीचे नाव जोडावे असे सुचविले, तो गौरवही व्याकरण लिहिण्याच्या रीतीचा होता. भाषेच्या श्रेष्ठत्वाचा नव्हे.

हा भेद समीक्षेच्या दृष्टीने मूलभूत आहे. आज्ञावलीच्या भाषेचे व्याकरण रचणारा संदिग्धतेला दोष मानतो. दोन 'जर'नंतर आलेला एकच 'नाहीतर' कोणत्या 'जर'चा, हे त्याला नियमाने किंवा संकेताने ठरवावेच लागते. ब्रायन फोर्ड यांनी २००४ मध्ये मांडलेल्या व्याकरणप्रकारात पर्यायांना क्रम असतो. पहिला जुळला की दुसऱ्याचा विचारच होत नाही. 'क' हा पर्याय 'कख'च्या आधी लिहिला, तर 'कख' कधीच निवडला जात नाही, आणि यंत्र त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. अशी चूक शोधणे कठीण जाते, कारण संदिग्धता तेथे सुटलेली नसते, केवळ दडपलेली असते.

आता हे वाक्य पाहावे: 'डोंबिवलीहून आलेल्या कवीच्या मित्राने कविता वाचली.' आले कोण, कवी की मित्र? 'आलेल्या' हे रूप दोन्ही पदांशी जुळते, म्हणून मराठीचे व्याकरण दोन्ही अन्वय ग्राह्य मानते. येथे दुरुस्त करण्याजोगे काहीच नाही. तरीही शास्त्रीयतेच्या नावाखाली कवितेचा एकच अन्वयार्थ प्रमाण ठरविणारी समीक्षा पहिल्या जुळलेल्या पर्यायावर थांबते आणि त्यालाच वस्तुनिष्ठता म्हणते.

पाणिनीची साक्षही या समीक्षेच्या कामी येत नाही. दोन नियमांत विरोध उद्भवल्यास 'पर' कार्य व्हावे, असे अष्टाध्यायी सांगते. परंतु 'पर' म्हणजे काय? परंपरेने त्याचा अर्थ 'सूत्रक्रमात नंतरचा नियम' असा घेतला. ऋषी राजपोपट यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंब्रिजच्या प्रबंधात 'शब्दाच्या उजव्या भागाला लागू होणारा नियम' असा घेतला, आणि त्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. विरोध मिटविणाऱ्या नियमालाच अन्वयार्थाची गरज भासत असेल, तर साहित्यकृतीकडून निःसंदिग्धतेची मागणी करण्याचा अधिकार समीक्षेला कोणत्या व्याकरणाने दिला?